संकल्प काशीत, सोबत गावात

आज मी बोलतोय काशीच्या मुन्शी घाटावरून. नागपूरकर भोसल्यांचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ साली हा घाट बांधला, म्हणून हे नाव. शेजारी अहिल्याबाई घाट. मराठी माणसाला परकं वाटू नये अशी ही जागा.

काशीला आलं की काहीतरी सोडून जायचं, ही आपली जुनी रीत. कुणी आवडती भाजी सोडतं, कुणी फळ, आणि कुणी गंगेत उभं राहून दारू सोडतं. संकल्प खराच असतो. पण माणूस गाडीत बसून गावी जातो आणि तिथे संध्याकाळचे सात वाजतात. त्या सात वाजता कुणाकडे जायचं, हा आजचा विषय.

आधी एक धोक्याची सूचना. रोज, अगदी सकाळपासून पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पहिले तीन-चार दिवस जोखमीचे असतात. हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. काहींना फिट येते, भास होतात आणि उपचार झाले नाहीत तर जीवही जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाला खोलीत कोंडून ठेवू नका. डॉक्टरांकडे न्या. वाराणसीत असाल तर बनारस हिंदू विद्यापीठाच्या सर सुंदरलाल रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. गावाकडे जिल्हा रुग्णालय गाठा. माजी सैनिकांसाठी ईसीएचएस आहेच.

डॉक्टर शरीरातली दारू उतरवतात. पुढची वर्षं मात्र माणसाला घरीच काढायची असतात. पेन्शनचा दिवस येतो, भाच्याचं लग्न येतं, कॅन्टीनच्या कार्डावरचा रमचा कोटा दर महिन्याला खुणावतो. फौजेत जवानाला एक ‘बडी’ असतो. मोर्चावर दोघं एकमेकांवर नजर ठेवतात. आधारगट म्हणजे हेच. जो स्वतः त्या वाटेने गेलाय, तोच शेजारी बसतो.

‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजे ‘एए’, १९३५ साली अमेरिकेत अशाच दोन पिणाऱ्यांच्या भेटीतून उभी राहिली. एक शेअर बाजारातला, दुसरा डॉक्टर. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही, आडनाव सांगायची सक्ती नाही. २०२० साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. पूर्ण दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत एए आणि तिच्याशी जोडून देणारे उपचार इतर पद्धतींइतकेच किंवा त्यांहून सरस ठरले. आपल्याकडे पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली ‘मुक्तांगण’ सुरू केलं. तिथेही उपचारानंतरच्या पाठपुराव्याला मोठं महत्त्व आहे.

तरीही केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत काय दिसलं? दारूच्या आहारी गेलेल्या साधारण ३८ जणांपैकी एकालाच कसलातरी उपचार मिळालेला.

गट शोधायचा कसा?

पहिलं, १४४४६ या व्यसनमुक्तीच्या सरकारी नंबरावर फोन करा. पैसे पडत नाहीत. आपला जिल्हा सांगा आणि जवळ काय आहे ते विचारा. मन फारच खचलं असेल तर ‘टेली-मानस’चा नंबर आहे १४४१६.

दुसरं, सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकांना भेटा. सभा कुठल्या शाळेत, कुठल्या चर्चच्या खोलीत, कुठल्या वारी भरते, हे बहुधा त्यांना माहीत असतं.

तिसरं, गावात दारू सुटलेला माणूस शोधा. वारकऱ्यांची माळ घालून सुटलेले कितीतरी सापडतील. त्यांच्या हरिपाठाची मंडळीही सोबतच असते.

चौथं, जवळ काहीच नसेल, किंवा परराज्यात मराठीतून बोलायचं असेल, तर ऑनलाइन सभेची चौकशी करा. पण शक्यतो समोरासमोर बसता येईल असा गट निवडा, भाषा मोडकी का असेना. शंभर कोसांवरच्या नामांकित केंद्रापेक्षा दर आठवड्याला चालत जाता येईल अशी साधी खोली पुढच्या काळात जास्त उपयोगाची.

एका सभेवरून मत बनवू नका. चार-पाच वेळा जा. पहिल्या दिवशी नुसतं ऐकलं तरी चालतं.

चांगला गट ओळखायचा कसा?

ऐकलेलं बाहेर जात नाही. घसरलेल्याला परत येऊ देतात. डॉक्टरांची औषधं बंद करा असं सांगत नाहीत. जिथे हमखास बरं करण्याची हमी देऊन मोठी रक्कम मागतात, मारहाण करतात, साखळीने बांधतात, तिथून माणसाला बाहेर काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला साखळीने बांधायला बंदी आहे. भरती करून घेणाऱ्या केंद्राची नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा.

आणि वहिनींनो, पिणारा यायला तयार नसला तरी तुम्ही थांबू नका. घरच्यांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ आहे, मुक्तांगणचा ‘सहचरी’ गट आहे. आधी तुम्हाला श्वास घेता आला पाहिजे.

काशीतला संकल्प मोलाचा आहे. त्याला गावातली सोबत जोडा. घरी पोचायची वाट पाहू नका, परतीच्या गाडीत बसण्याआधीच तो फोन करा.

भेटू पुढच्या भागात. जय हिंद.