पायाखालचं अवकाश स्थानक

दुर्बिणीतून आकाश दाखवायचं तर रात्र हवी, ढग नकोत, आणि लोकांची रांगेत उभं राहायची तयारी हवी. पावसाळ्यात आपल्याकडे हा कार्यक्रम जवळजवळ बंदच. आज आपण जे बघणार आहोत ते मात्र भर दुपारी, छताखालीही चालतं. खगोलातली ताजी आकडेवारी घ्यायची आणि तिच्यावर चालणारी, लोकांना समोर बघता येईल अशी वस्तू उभी करायची. उदाहरण एकच घेऊ, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचं.

हे स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून फिरतं. एक फेरी सुमारे ९३ मिनिटांची, वेग सेकंदाला जवळपास ७.७ किलोमीटर. आता टेबलावर एक लाकडी बाण आहे असं समजा. एक मोटर त्याला आडवा फिरवते, म्हणजे दिगंश. दुसरी वर-खाली करते, म्हणजे उन्नतांश. बाण सतत स्थानकाकडे रोखलेला. बस, एवढंच यंत्र.

गंमत अशी, की हा बाण बहुतेक वेळ फरशीकडे बघत असतो. बघणाऱ्याला वाटतं, बिघडलाय! तो बरोबरच असतो. आपल्याला स्थानक क्षितिजावर दिसायचं तर जमिनीवरून मोजून ते साधारण २,२०० किलोमीटरच्या आत यावं लागतं. एरवी ते पृथ्वीच्या गोलाईआड असतं. पुण्यात ठेवलेला बाण सरळ पायाखाली वळला, की समजायचं स्थानक पॅसिफिक महासागरावर, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिमेला आहे, आणि मध्ये अख्खी पृथ्वी, १२,७०० किलोमीटर. पृथ्वी गोल आहे हे आपण शाळेत पाठ करतो. फरशीत घुसलेला बाण ते पाठांतर एका मिनिटात खरं करून दाखवतो. पडद्यावरच्या नकाशाला हे जमत नाही, असं आमचं मत आहे.

बाणाला हे कळतं कसं? स्थानकाकडून थेट निरोप येत नाही. इंटरनेटवर बहुतेक उपग्रहांची दोन ओळींची नोंद मिळते, तिला टीएलई म्हणतात. एकेक ओळ ६९ अक्षरांची. कक्षेचा कल (स्थानकाचा ५१.६ अंश), दिवसाला किती फेऱ्या, आणि ही नोंद नेमक्या कोणत्या क्षणाची, हे सगळं त्यात. पुढची जागा आपला छोटा संगणक गणिताने काढतो. म्हणजे क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणापेक्षा हे पंचांगाच्या जास्त जवळचं आहे. फरक इतकाच, की हे पंचांग लवकर शिळं होतं. त्या उंचीवरही विरळ हवा असते, ती स्थानकाला किंचित रोखते, आणि कक्षा उंचावायला अधूनमधून इंजिनं चालवावी लागतात. म्हणून नोंद रोज नवी घ्यायची.

आणि घड्याळ! स्थानक डोक्यावर असताना घड्याळ एक सेकंद चुकलं तर बाण अंशाहून थोडा जास्त चुकतो, म्हणजे चंद्राच्या दोन व्यासांइतका. दहा सेकंदांत अकरा अंश: हात लांब करून मूठ धरली तर त्या मुठीएवढं आकाश. बाण एकीकडे आणि ठिपका दुसरीकडे असं लोकांनी एकदा पाहिलं, की पुढे आपण काहीही दाखवलं तरी विश्वास बसत नाही. तेव्हा वेळ इंटरनेटच्या वेळ-सेवेकडून किंवा जीपीएसवरून घ्यायची, भिंतीवरच्या घड्याळावरून नाही.

‘आत्ता’ हा शब्दही जपून वापरावा. नासाच्या गोल्डस्टोन, माद्रिद आणि कॅनबेराच्या अँटेना या क्षणी कोणत्या यानाशी बोलताहेत, हे संकेतस्थळावर बघता येतं. त्यात व्हॉयेजर-१ दिसलं, तर तो संदेश तिथून निघून २३ तासांहून जास्त झालेले असतात. सूर्याचं ताजं चित्रही आठेक मिनिटांपूर्वीच्या सूर्याचं. म्हणून बाणाशेजारी एक लहान पाटी लावा: नोंद किती तासांपूर्वीची, जागा गणिताने काढलेली. मुलं ती पाटी वाचतात, आणि मग नेमके तेच प्रश्न विचारतात.

संध्याकाळची फेरी असेल तर आधी घंटा वाजेल अशी सोय करा. सूर्य मावळून गेलेला, खाली अंधार, पण स्थानकावर अजून ऊन, अशा वेळीच ते दिसतं, फार तर पाच-सहा मिनिटं. बाण क्षितिजाच्या वर उठू लागला की सगळ्यांना गच्चीवर न्यायचं. हो, गच्चीची किल्ली कोणाकडे आहे ते दुपारीच विचारून ठेवा.