‘सापडणे’ आणि ‘पात्र ठरणे’ : जिओकॅशिंगमधील आव्हान-ठेव्यांचा विचार

खेळांचे नियम भाषेच्या अभ्यासकाने उपेक्षणीय मानू नयेत. नियम शब्दांत सांगितलेले असतात, आणि एखाद्या शब्दावरून वाद उत्पन्न झाला म्हणजे त्याचा अर्थ कोणी ठरवावयाचा, हा प्रश्न खेळाडूंनाही टाळता येत नाही. जिओकॅशिंग या खेळातील एक प्रकार या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. ‘सापडला’ हा साधा शब्द लिहिण्याचा अधिकार शोधकाला केव्हा प्राप्त होतो, हाच तेथे वादाचा विषय झाला. प्रस्तुत लेखात त्या प्रकाराचे स्वरूप सांगून त्यातील अर्थविषयक प्रश्नाची चर्चा करावयाची आहे.

प्रथम खेळाविषयी थोडेसे. उपग्रहांच्या साहाय्याने स्थाननिश्चिती करणाऱ्या जीपीएस यंत्रणेची नागरी वापरातील अचूकता अमेरिकन शासनाने हेतुपुरस्सर कमी ठेवली होती. हे बंधन मे २०००च्या आरंभी उठविण्यात आले. लगेच, ३ मे २००० रोजी, डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ काही वस्तू व एक नोंदवही असलेली बादली ठेवली आणि त्या स्थळाचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. त्याच महिन्यात मॅट स्टम यांनी सुचविलेले ‘जिओकॅशिंग’ हे नाव पुढे रूढ झाले. त्यातील ‘कॅश’ हा शब्द ‘लपविणे’ या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आलेला आहे. देवनागरीत तो रोख रकमेच्या ‘कॅश’पासून वेगळा दिसत नाही. म्हणून येथे त्या वस्तूसाठी ‘ठेवा’ हा आपला जुना शब्द योजिला आहे. तो मांडणाऱ्यास ‘स्थापक’ म्हटले आहे.

सामान्य ठेव्याच्या बाबतीत व्यवहार सरळ असतो. शोधक दिलेल्या स्थळी जातो, ठेवा हुडकून काढतो, आतील नोंदवहीत सही करतो आणि मागाहून संकेतस्थळावर ‘सापडला’ अशी नोंद करतो. येथे नोंद ही घडलेल्या घटनेचे केवळ कथन असते. सही आहे की नाही एवढे पाहिले, की कथन खरे की खोटे ते ठरते.

आव्हान-ठेव्याची गोष्ट निराळी आहे. त्याची पेटीही उघडता येते व सहीही करता येते. परंतु शोधकाने पूर्वी शोधलेल्या ठेव्यांविषयीची एखादी अट पुरी झाल्यावाचून त्याला ‘सापडला’ अशी नोंद करता येत नाही. तोपर्यंत त्याने केवळ टिपण लिहावे, असा संकेत आहे.

या अटींचे दोन प्रसिद्ध नमुने पाहू. प्रत्येक ठेव्याला शोधाचे काठिण्य आणि वाटेची दुर्गमता अशा दोन श्रेणी दिलेल्या असतात. दोन्ही १ ते ५ असून अर्ध्या अर्ध्या अंकाने वाढतात. म्हणजे प्रत्येकीच्या ९ पायऱ्या होतात आणि त्यांच्या ८१ जोड्या संभवतात. या ८१ही जोड्यांचे ठेवे शोधणे, हे ‘फिझी’ नावाने ओळखले जाणारे आव्हान होय. दुर्गमता १ म्हणजे चाकांच्या खुर्चीतूनही जाता येईल अशी जागा. दुर्गमता ५ म्हणजे नाव, दोर किंवा तत्सम खास साधन हवेच. काठिण्य ५ व दुर्गमता १ असलेला ठेवा पायांना काहीच त्रास देत नाही, पण बुद्धीची कसोटी पाहतो. काठिण्य १ व दुर्गमता ५ असलेला डोळ्यांना दिसतो, पण मध्ये पाणी किंवा कडा असतो. एकाच गुणाच्या बळावर हा तक्ता भरत नाही, हेच त्याचे मर्म आहे.

दुसरे आव्हान ‘जास्मर’ या नावाचे. मे २०००पासूनच्या प्रत्येक महिन्यात मांडला गेलेला निदान एक ठेवा शोधकाने शोधलेला असावा, ही त्याची अट. डिसेंबर २०२४ अखेर अशा महिन्यांची संख्या २९६ होते, आणि दरमहा ती एकाने वाढते. उलट, मे २०००चा नवा ठेवा आता कोणालाही मांडता येणार नाही. जुने ठेवे मात्र नाहीसे होऊ शकतात. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात ११ मे २००० रोजी मांडलेल्या ‘मिंगो’ या ठेव्यासाठी शोधक दूरवरून प्रवास करतात, त्याचे कारण हेच. आव्हान स्वीकारणाऱ्याने म्हणूनच आरंभी आपल्या पूर्वीच्या नोंदी तपासाव्यात, रिकाम्या जागांची यादी करावी, आणि ज्या जागा भरण्याची साधने घटत चालली आहेत त्यांच्याकडे प्रथम वळावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ साली प्रयत्नवाचक व सिद्धिवाचक क्रियापदांत भेद दाखविला. शोध घेणे हा प्रयत्न. सापडणे ही सिद्धी. मराठीने हा भेद व्याकरणातही राखला आहे. ‘मी ठेवा शोधला’ यात कर्तृत्व माझे आहे. ‘मला ठेवा सापडला’ यात ठेवा कर्ता आहे आणि मी चतुर्थीत आहे. सापडण्याला पात्रता लागत नाही; वाटेवरचे नाणे अपात्र माणसालाही सापडते. आव्हान-ठेव्याच्या नोंदीत अभिप्रेत असलेला अर्थ ‘सापडला’ हा नसून ‘साध्य केला’ हा आहे. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच नोंद-शब्द वापरला गेला. म्हणून डोंगर चढून, पेटी उघडून, सही करून आलेल्या माणसाला ‘तुला ठेवा सापडलेला नाही’ असे सांगण्याची पाळी येते, आणि त्याला ते अन्यायाचे वाटते.

तो सर्वस्वी चुकतो असे म्हणता येणार नाही. मात्र जॉन सर्ल यांनी १९६९ साली केलेला नियमांचा भेद येथे ध्यानात घ्यावा. काही नियम आधीच असलेल्या व्यवहाराचे नियमन करतात. काही नियम व्यवहारच निर्माण करतात. आव्हानाची अट दुसऱ्या जातीची आहे. तिच्यावाचून ‘आव्हान पुरे केले’ या म्हणण्याला अर्थच उरत नाही.

परंतु निर्माण करणारा नियम कोणाच्या लहरीवर सोडावयाचा? पूर्वी सामान्य ठेव्यांचे स्थापकही छायाचित्र काढावे, काव्य रचावे असल्या अटी लादीत आणि त्या न पाळणाऱ्याची नोंद पुसून टाकीत. एप्रिल २००९मध्ये अशा अटी ऐच्छिक ठरविण्यात आल्या. आव्हान-ठेवे तेवढे अपवाद म्हणून राहिले. त्यांच्याविषयीही तक्रारी वाढल्यामुळे एप्रिल २०१५मध्ये नव्या आव्हानांना सुमारे वर्षभर स्थगिती मिळाली. २०१६मध्ये ती उठली, तेव्हा प्रत्येक नव्या आव्हानाला संगणकीय पडताळणीची जोड आवश्यक झाली. शोधकाचे नाव दिले की तो पात्र आहे की नाही, हे नोंदींवरूनच कळावे, ही त्यामागील दृष्टी.

या सुधारणेत ठेव्याच्या नावातील शब्दांवर आधारलेल्या नव्या अटी वर्ज्य झाल्या, ही गोष्ट भाषाभ्यासकाने विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ‘नावात प्राण्याचा उल्लेख असलेले ठेवे शोधा’ ही अट वरकरणी निरुपद्रवी दिसते. पण ‘फॉक्स’ हे आडनाव असेल तर तो कोल्हा मानावा काय? याचा निर्णय संदर्भावाचून होत नाही, आणि संदर्भाचा निर्णय माणसाकडे, म्हणजे बहुधा स्थापकाकडेच, जातो. तारीख, प्रदेश व श्रेणी यांना असा पाठीराखा लागत नाही.

यात लाभाबरोबर हानीही आहे. शब्दांशी खेळणारी कल्पक आव्हाने नव्याने मांडता येत नाहीत, आणि जे मोजता येते तेवढेच कर्तृत्व ठरते. तथापि अनोळखी माणसाने घातलेली अट पुरी करण्यासाठी जो वर्षानुवर्षे श्रम करतो, त्याला त्या अटीचा अर्थ शेवटी बदलणार नाही एवढी हमी मिळावयास हवी. ज्या शब्दावर दुसऱ्याचे श्रम अवलंबून आहेत, त्याचा अर्थ श्रमांपूर्वी निश्चित झाला पाहिजे. परीक्षेच्या नियमांपासून कायद्याच्या कलमापर्यंत हे तत्त्व लागू आहे; या खेळात ते लहान प्रमाणावर, आणि म्हणूनच स्पष्टपणे, पाहावयास मिळते.