आधी खोड, मग चेहरा

कानांना टोकं काढून आणि अंगाला हिरवा रंग फासून नवी जमात उभी राहत नाही. मढच्या बंगल्यांत चित्रीकरणासाठी अद्भुत दुनिया रचणाऱ्यांनी रंगभूषाकाराला बोलावण्याआधी कोकणातली भुतं चाळावीत. मुंजा म्हणजे मुंजीनंतर, लग्नाआधी गेलेला मुलगा, मुक्काम पिंपळावर. गिऱ्हा पाण्यातला, रात्री वाटसरूला चकवणारा. पण त्याचा केस हाती लागला की मुकाट राबणारा. हडळीचे पाय उलटे. प्रत्येकाला मरणाची रीत, ठिकाण, खोड आणि कच्चा दुवा आहे. रूप सर्वांत शेवटी. वर वेताळ भुतांचा राजा, म्हणजे राज्यव्यवस्थाही तयार!

अशा लोकसमजुती नाशिकचे कलेक्टर जॅक्सन जमवत होते. १९०९ मध्ये अनंत कान्हेरे यांनी त्यांना गोळ्या घातल्या. पुढे ती टिपणं एन्थोवेन यांनी संपादित केली आणि कोकणचा खंड १९१५ मध्ये निघाला.

'तुंबाड' चित्रपटातला (२०१८) राक्षस हस्तर पुराणातला नव्हे, चित्रपटकर्त्यांनी रचलेला. तरी तो खरा वाटतो, कारण त्याला नियम एकच: सोनं त्याच्यापाशी, धान्य मात्र नाही. त्याची भूक, त्याला भुलवायला नेलेली पिठाची बाहुली आणि माणसांचा लोभ, सगळं त्यातूनच निघतं.