तंबूतील शेजारी

घर म्हणजे केवळ चार भिंती आणि वर एक छप्पर नव्हे. दिवेलागणीला परतण्याची जागा, पत्र येण्याचा पत्ता, आजारपणात निवांत पडून राहण्याचा कोपरा, पावसातही कोरडी राहणारी वह्या-पुस्तके, हे सारे 'घर' या एका शब्दात सामावलेले असते. ज्याला घर आहे, त्याला याची जाणीव सहसा होत नाही. ज्याचे घर जाते, त्याला मात्र ती क्षणोक्षणी होते.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने हा जगातील अत्यंत संपन्न देशांपैकी एक आहे. तरीही तेथील मोठ्या शहरांत पुलांखाली, नदीकाठी आणि उद्यानांच्या कडेला तंबूंच्या रांगा दिसतात. त्या सहलीला आलेल्या प्रवाशांच्या नव्हेत. ज्यांना दुसरा निवारा नाही, अशा माणसांच्या त्या वस्त्या होत. जानेवारी महिन्यातील एका रात्री त्या देशभर बेघरांची मोजदाद करण्याची प्रथा आहे. २०२४ साली त्या एका रात्री ७,७१,४८० माणसे बेघर आढळली. त्यांत जवळजवळ दीड लाख मुले होती. पुष्कळांना रात्रनिवाऱ्यात आसरा मिळाला होता. परंतु एकतृतीयांशाहून अधिक माणसांनी ती हिवाळ्याची रात्र रस्त्यावर, मोटारीत किंवा तंबूत काढली.

माणसावर अशी पाळी का येते? घरभाडे मिळकतीपेक्षा वेगाने वाढते, नोकरी सुटते, दीर्घ आजारात साठवलेला पैसा संपतो, मनोविकार किंवा व्यसन माणसाला घेरते, घरातल्या छळामुळे एखादी माता मुलांसह बाहेर पडते. यांपैकी एखादेच कारण असते असेही नाही; अनेकदा एकापाठोपाठ एक संकटे कोसळतात आणि अखेरीस घर सुटते.

अशी वस्ती उभी राहिली, की आसपासच्या लोकांत कुरबूर सुरू होते. पदपथ अडला, कचरा साचला, मुलांना शाळेत पाठवताना धास्ती वाटते, असे घरात राहणारे म्हणतात. पुन्हा पुन्हा हुसकावून लावले जाते, त्या गडबडीत औषधे आणि ओळखीची कागदपत्रे नाहीशी होतात, असे तंबूत राहणारे म्हणतात. दोन्ही गाऱ्हाण्यांत तथ्य असते. ओरेगन राज्यातील ग्रँट्स पास या गावाचे असेच प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. सार्वजनिक जागी मुक्काम करण्यास मनाई करणारे नियम गावांना अमलात आणता येतील, असा निवाडा २८ जून २०२४ रोजी झाला. निवाड्याने कायद्याचा प्रश्न सुटला. पण उठवलेल्या माणसाने जायचे कोठे, हा प्रश्न मात्र शिल्लकच राहिला. असे प्रश्न सोडवायचे, तर गावाने एकत्र बसून बोलावे लागते. अडचण अशी, की तंबूतली आणि घरातली माणसे एकमेकांविषयी पुष्कळ बोलतात, एकमेकांशी मात्र क्वचितच बोलतात.

ही कोंडी फोडण्याचे काम विद्यार्थी करू शकतात काय? याचे एक जुने उदाहरण सिएटल शहरात सापडते. १९३० नंतरच्या मंदीत लाखो अमेरिकनांचे रोजगार बुडाले. बेकारांनी गावोगाव फळ्या आणि पत्रे ठोकून झोपड्या उभारल्या. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यावरील रोषातून अशा वस्त्यांना लोक 'हूवरव्हिल' म्हणू लागले. सिएटलच्या बंदराजवळची अशी वस्ती १९३१ ते १९४१ अशी दहा वर्षे टिकली. वॉशिंग्टन विद्यापीठातील डोनाल्ड रॉय नावाचा विद्यार्थी त्या वस्तीत जाऊन राहिला आणि १९३४ साली त्याने तेथील रहिवाशांची गणती केली. ती ६३९ भरली. लांबून पाहणाऱ्यांना जो केवळ एक घोळका वाटत होता, त्यातील माणसांचे वय, व्यवसाय आणि पूर्वायुष्य रॉयने लिहून काढले. ज्याचे जळते त्याला कळते, हे खरे. पण जवळ जाऊन बसले, तर इतरांनाही थोडेफार कळते.

रॉयच्या हाती वही होती. त्याच सुमारास इतर काही जणांनी कॅमेरा हाती घेतला. कल्पित कथा न रचता खरी माणसे, खरी ठिकाणे आणि खऱ्या घटना दाखवणाऱ्या चित्रपटाला अनुबोधपट किंवा माहितीपट म्हणतात. १९३५ साली आर्थर एल्टन आणि एडगर अँस्टी यांनी इंग्लंडमध्ये 'हाउसिंग प्रॉब्लेम्स' नावाचा छोटा अनुबोधपट काढला. लंडनच्या स्टेपनी भागातील गलिच्छ वस्तीतील स्त्री-पुरुष त्यात स्वतःच आपल्या पडक्या खोल्या दाखवतात, उंदीर-घुशींचा आणि पाण्याच्या टंचाईचा त्रास आपल्याच बोलीत सांगतात. त्या काळी ध्वनिमुद्रणाची यंत्रे अवजड असत. तरीही ती त्या अरुंद खोल्यांत नेण्यात आली, कारण ज्याचे दुःख त्यानेच सांगावे, हा आग्रह होता.

याच्याही पुढचे पाऊल १९६७ साली कॅनडात पडले. न्यूफाउंडलंडजवळच्या फोगो बेटावर सुमारे ५,००० लोक विखुरलेल्या खेड्यांतून राहत. मासेमारी परवडेनाशी झाली होती आणि बेट सोडून अन्यत्र जाण्याची वेळ रहिवाशांवर येऊ पाहत होती. खेड्याखेड्यांत एकी नव्हती. राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी तेथे २७ लहान लहान पट तयार केले. ज्याचे चित्रण केले, त्याला ते आधी दाखवायचे आणि त्याची संमती मिळाल्यावरच इतरांना दाखवायचे, अशी रीत त्यांनी पाळली. मग बेटावर ठिकठिकाणी त्यांचे खेळ झाले. एका खेड्यातील कोळी दुसऱ्या खेड्यातील कोळ्याचे म्हणणे पडद्यावर ऐकू लागला आणि दोघांची अडचण एकच आहे, हे त्याच्या ध्यानात आले. समोरासमोर बोलताना जी माणसे संकोचत किंवा चिडत, ती पडद्यावरच्या शेजाऱ्याचे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेत. हे पट सरकारी अधिकाऱ्यांनाही दाखवले गेले. लोकांनी सहकारी संस्था उभारली आणि बेट ओस पडले नाही. या पद्धतीला पुढे 'फोगो प्रक्रिया' असे नाव मिळाले.

आज कॅमेरा आणि ध्वनिमुद्रक भ्रमणध्वनीतच सामावले आहेत. त्यामुळे शाळेतील विद्यार्थ्यांनाही अनुबोधपट करता येतो. अमेरिकेत सी-स्पॅन ही दूरचित्रवाणी संस्था विद्यार्थ्यांसाठी 'स्टुडंटकॅम' नावाची अनुबोधपट स्पर्धा भरवते. पाच-सहा मिनिटांच्या त्या पटात स्वतःच्या मताविरुद्धचे मतही मांडले पाहिजे, असा तिचा नियम आहे. बेघरांच्या प्रश्नाला हा नियम फारच लागू पडतो. तंबूतील माणूस, शेजारचा दुकानदार, पोलीस, नगरपालिकेचा अधिकारी आणि रात्रनिवारा चालवणारा सेवक या सर्वांचे ऐकल्यावाचून चित्र पुरे होत नाही.

असे काम कॅमेऱ्याने सुरू होत नाही. प्रथम मोठ्या माणसांच्या सोबतीने वस्तीत जावे, ओळख करून घ्यावी, आपण कोण आणि कशासाठी आलो, हे स्पष्ट सांगावे. तंबू हे त्या माणसाचे घरच आहे. म्हणून परवानगीवाचून आत डोकावू नये, निजलेल्या माणसाचे चित्रण करू नये. कोणी चेहरा दाखवण्यास नकार दिला, तर केवळ हातांचे चित्रण किंवा आवाज यांवर भागवावे. मुलांच्या बाबतीत त्यांच्या आईवडिलांची अनुमती अवश्य घ्यावी. 'तुम्ही येथे कसे आलात?' एवढेच विचारून थांबू नये. 'तुम्हाला काय येते? तुम्हाला काय हवे आहे?' असेही विचारावे. मग संकलनाचे काम येते. दोन तासांच्या चित्रणातून सहा मिनिटे निवडताना एखाद्याचे वाक्य अर्धेच तोडून त्याचा अर्थ बदलणे फार सोपे असते. तेथे संकलकाच्या प्रामाणिकपणाची कसोटी लागते.

या कामातील धोका मुंबईच्या एका अनुबोधपटात स्पष्ट दिसतो. आनंद पटवर्धन यांनी १९८५ साली पदपथांवर आणि झोपड्यांत राहणाऱ्या मुंबईकरांवर 'हमारा शहर' हा पट पूर्ण केला. त्यात एक स्त्री चित्रण करणाऱ्यांनाच संतापून जाब विचारते. गरिबांची चित्रे घेऊन तुमचे नाव होईल, आमच्या पदरात काय पडेल, असा तिच्या बोलण्याचा रोख आहे. पटवर्धनांनी तो भाग कापला नाही. तो पटात तसाच ठेवला. कॅमेरा घेऊन दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्या प्रत्येकाने त्या स्त्रीच्या प्रश्नाचे उत्तर आधी स्वतःला द्यावयास हवे.

त्या प्रश्नाचे एक उत्तर चित्रपट संपल्यानंतर मिळते. शाळेच्या सभागृहात किंवा ग्रंथालयात खेळ होतो, दिवे लागतात आणि खऱ्या कामास तेव्हा आरंभ होतो. खुर्च्या वर्तुळात मांडाव्यात, वस्तीतील माणसांनाही सन्मानाने बोलवावे आणि प्रत्येकाने दुसऱ्याचे म्हणणे पुरते ऐकून मगच आपले मांडावे. अशा बैठकीतून एका दिवसात घरे उभी राहत नाहीत. पण कचऱ्याची पेटी, पाण्याचा नळ, शौचालय, शाळेत मुलाचा प्रवेश, अशा लहान गोष्टींवर एकमत होऊ शकते, आणि मोठ्या गोष्टींचा विचार करण्याइतका विश्वास त्यातून निर्माण होतो.

ज्या विद्यापीठात डोनाल्ड रॉय शिकत होता, त्याच विद्यापीठाने डिसेंबर २०१६ मध्ये आपल्या आवारातील वाहनतळाची जागा 'टेंट सिटी ३' या फिरत्या वस्तीला तीन महिन्यांसाठी दिली. ही वस्ती स्वतःचे नियम स्वतःच करते आणि स्वतःच पाळते. तिला बोलवावे, असा आग्रह विद्यार्थ्यांनीच धरला होता. तीन महिने शिकणारी मुले आणि तंबूतील माणसे शेजारी म्हणून राहिली.

शेजारधर्म ओळखीपासून सुरू होतो. वही असो वा कॅमेरा, ती ओळख करून देण्यासाठी वापरला, तर विद्यार्थ्याच्या हातूनही गावाचे मोठे काम होते.

अभ्यास

१. 'घर' या शब्दात कोणकोणत्या गोष्टी सामावलेल्या असतात?
२. फोगो बेटावरील लोकांना पट पाहिल्यावर काय उमगले?
३. 'हमारा शहर' या पटातील स्त्रीचा प्रश्न तुम्हाला कोणी विचारला, तर तुम्ही काय उत्तर द्याल?
४. तुमच्या गावातील ज्या प्रश्नावर दोन बाजूंची माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, असा एक प्रश्न निवडा. त्यावर पट करायचा झाल्यास कोणाकोणाला भेटाल, ते लिहा.