डाळ शिजेना, दोष कुणाचा?

मार्च उजाडला की आमच्या बेळगावात घरोघरी एकच कुरबुर ऐकू येते. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, केस गवतासारखे झालेत, काल घासलेला नळ आज पुन्हा पांढरा! नळ तोच असतो, पाणी मात्र बदललेलं असतं.

महापालिकेचं पाणी येतं राकसकोप आणि हिडकलहून. राकसकोप मार्कंडेय नदीवर, हिडकल घटप्रभेवर. दोन्ही नद्या सह्याद्रीच्या पावसावर पोसलेल्या, म्हणून हे पाणी हलकं. पण पाण्याची पाळी लांबली की अपार्टमेंटच्या त्याच टाकीत बोअरचं पाणी चढवलं जातं. स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या बाईला याची वर्दी कोण देणार? तिला ते कळतं कुकरचं झाकण उघडल्यावर.

आमच्याच मजल्यावरची गोष्ट सांगते. एका घरात नवी सून आली, माहेर खानापूरकडचं. महिनाभर तिला ऐकावं लागलं, ‘साधं वरण जमत नाही हिला.’ पोरीने डाळ भिजत घातली, शिट्ट्या वाढवल्या, पण डाळ बोटाला लागायची ती लागायचीच. शेवटी माझ्या सासूबाई, म्हणजे आमच्या अत्ती, त्यांच्या घरी गेल्या. अत्ती मूळच्या अथणी तालुक्यातल्या. बोअरच्या पाण्यावर संसार केलेल्या. त्यांनी एकाच डब्यातली तूरडाळ दोन भांड्यांत घेतली. एकीत बोअरचं पाणी, दुसरीत आमच्या घागरीतलं कार्पोरेशनचं. दोन्ही भांडी एकाच कुकरमध्ये, शिट्ट्या सारख्याच. झाकण काढलं तर एक डाळ मेणासारखी मऊ, दुसरी अख्खी. अत्ती एवढंच म्हणाल्या, ‘ई नीराग ब्याळी बेयूदिल्लव्वा.’ या पाण्यात डाळ शिजत नाही बाई! सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पाणी काही जड नव्हतं.

पाणी जड का होतं?

शाळेत आपण सुफेन आणि दुष्फेन असे शब्द घोकले. घरी आपण हलकं आणि जड म्हणतो, कन्नडमध्ये गडसु नीरु. जड म्हणजे खारट नव्हे. सवळ नीर ती वेगळी. जड पाणी चवीला चांगलंही लागू शकतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आम्ल होतं आणि आपल्याकडच्या काळ्या दगडातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम विरघळवून घेतं. बोअर खोल, पाणी दगडात जास्त काळ मुरलेलं, म्हणून क्षारही जास्त.

हेच कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट बांधून ठेवतं, म्हणून डाळ फुटत नाही. साबणाशी त्याची गाठ पडली की फेसाऐवजी चिकट साका होतो. तोच बादलीच्या कडेला, कपड्यांच्या धाग्यात आणि केसांवर बसतो. चहावर तरंगणारी साय दुधाचीच असते असं नाही, जड पाण्याचीही असते.

लिटरमागे 60 मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असेल तर पाणी हलकं, 180 च्या वर फार जड, असं साधारण मानतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस 10500, 2012) 200 ही स्वीकारार्ह मर्यादा आहे. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत मुभा.

आरोग्याची भीती मात्र फार बाळगू नका. जड पाण्याने मुतखडा होतोच, असं सिद्ध झालेलं नाही. उलट, कमी पाणी पिणं हे मुतखड्याचं मोठं कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही कठीणपणासाठी आरोग्याच्या कारणावरून मर्यादा घातलेली नाही. त्रास होतो तो कामाचा आणि पैशाचा.

विक्रेता दारात येतो तेव्हा

याच दिवसांत यंत्रं विकणारे दार वाजवतात. आमच्याकडे आलेल्या एकाने ग्लासात दोन दांड्या बुडवल्या, वीज सोडली आणि पाणी तपकिरी करून दाखवलं. ‘बघा ताई, काय पिताय!’ तो रंग पाण्यातल्या घाणीचा नसतो. विजेमुळे लोखंडी दांडी झिजते, तिचा तो गंज. दुसऱ्याने टीडीएस मीटर दाखवला. हा आकडा सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो, कठीणपणा वेगळा सांगत नाही.

आरओ यंत्र कठीणपणा घालवतं खरं, पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे घरगुती यंत्रं दोन-तीन लिटर पाणी सोडून देतात. टंचाईच्या दिवसांत हे परवडतं का? टीडीएस 500 च्या आत असेल तिथे आरओवर बंदी घाला, असं राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2019 मध्ये सांगितलं होतं. म्हणून आधी प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्या, त्यात ‘एकूण कठीणपणा’ मुद्दाम लिहून मागा. नळाचं वेगळं, बोअरचं वेगळं.

घरच्या घरीही अंदाज येतो. दोन सारख्या बाटल्यांत दोन्ही पाणी घ्या, साध्या साबणाचा सारखा कीस टाका आणि हलवा. एकीत फेस, दुसरीत गढूळ साका, की समजायचं. डिटर्जंट वापरू नका, तो जड पाण्यातही फेसाळतो.

घरातले उपाय

अत्तींची पहिली सूचना कायसिद नीरु, म्हणजे उकळलेलं पाणी. पाणी पाच-दहा मिनिटं खळखळून उकळा, थंड होऊ द्या, वरचं निवळ तेवढं डाळीला घ्या. बायकार्बोनेटमुळे आलेला कठीणपणा खाली बसतो. क्लोराइड-सल्फेटचा असेल तर उकळून जात नाही. तुरटीने गाळ बसतो, कठीणपणा नाही.

सोड्याने डाळ शिजते, पण तिच्यातलं बी-वन जीवनसत्त्व नष्ट होतं. घालायचाच तर चिमूटभर. चिंच, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आणि डाळ जुनी असेल तर बिचाऱ्या पाण्याला दोष देऊ नका.

कपड्यांना आधी पाण्यात धुण्याचा सोडा, मग साबण. केसांना रिठा आणि शिकेकाई, म्हणजे आपली अंटवाळ आणि सिगेकाई. त्यांच्या फेसाचा असा साका होत नाही. आपल्या आज्यांना रसायनशास्त्र शिकवायला कोणी आलं नव्हतं.

गिझरच्या कॉइलवर थर बसला की पाणी उशिरा तापतं, बिल वाढतं आणि एक दिवस कॉइलच जाते. तापमान फार वर ठेवू नका, वर्षातून एकदा आतून साफ करून घ्या. सोलरच्या नळ्यांचंही तेच. नळाच्या जाळीला चिंच किंवा लिंबूसत्त्व चालतं. मात्र कोणतंही आम्ल ब्लीचिंगच्या पाण्यात मिसळू नका, विषारी वायू होतो.

खरा उपाय मात्र एकट्या घराचा नाही. सोसायटीच्या बैठकीत दोन टाक्या आणि स्वयंपाकघरापुरती वेगळी नळी मागा. न्हाणीघर, फरशी, गाडी धुणं यांना बोअर, चुलीला धरणाचं पाणी. तेवढा खर्च नको असेल तर निदान टाकीत बोअर चढवलं त्या दिवशी फलकावर एक ओळ लिहा, मराठीत आणि कन्नडमध्येही. दोन घागरी बाजूला भरून ठेवता येतील, आणि पाण्याचा दोष कुणाच्या हातावर येणार नाही.