डीएनएची दुरुस्ती आणि अन्ननलिकेचा कर्करोग



कर्करोगावर आपल्या भागात बोलावयास उभे राहिले की एक प्रश्न हमखास येतो: आजोबांनी नव्वदीपर्यंत विडी ओढली, त्यांना काही झाले नाही; मग शेजाऱ्याला पन्नाशीतच अन्ननलिकेचा कर्करोग कसा झाला? हा प्रश्न मी थट्टेवारी नेत नाही. निपाणी परिसरात तंबाखूवर पिढ्यानपिढ्या घरे चालली, त्याच्या रास्त भावासाठी १९८१ मध्ये शेतकऱ्यांनी मोठे आंदोलन केले. येथे हा प्रश्न पोटातून येतो.

उत्तराचा एक भाग पेशीच्या आत आहे. प्रत्येक पेशीतील डीएनएला दररोज हजारो इजा होतात. निव्वळ पाणी व प्राणवायू यांच्यामुळेदेखील. पेशी त्या दुरुस्त करते. ही यंत्रणा उलगडल्याबद्दल लिंडाल, मॉड्रिच आणि संजार यांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तंबाखूतील नायट्रोसामाइन द्रव्ये शरीरात रूप बदलून डीएनएला चिकटतात आणि या दुरुस्तीचा भार वाढवितात. दुरुस्तीपूर्वीच पेशीचे विभाजन झाले, तर बिघाड कायमचा होऊन बसतो.

आता, दुरुस्ती करणारी प्रथिने सर्वांची तंतोतंत सारखी नसतात. ‘एक्सआरसीसी-१’ या जनुकाच्या प्रथिनात ३९९ व्या जागी कोणाकडे आर्जिनीन असते, कोणाकडे ग्लुटामीन. जनुकात अक्षर बदललेले असते ते एकच! अशा फरकांचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी असलेला संबंध चीनमध्ये आणि भारतात तपासला गेला आहे. आपल्या जवळच, कराडच्या कृष्णा वैद्यकीय संस्थेतही कर्करोगाच्या रुग्णांतील दुरुस्ती-जनुकांचा अभ्यास झाला आहे. निष्कर्ष मात्र एकमुखी नाहीत. कोठे धोका किंचित वाढलेला दिसतो, कोठे दिसतच नाही.

शिवाय हे फरक निरोगी माणसांतही सर्रास आढळतात. म्हणूनच रक्त तपासून ‘तुम्ही खुशाल मिश्री लावा’ असा दाखला कोणी देऊ शकत नाही. जनुकाचा वाटा लहान, तंबाखूचा फार मोठा. त्यात मद्याची भर पडली की धोका आणखी वाढतो. धूम्रपान सोडल्यास तो वर्षागणिक उतरतो, जनुके तीच राहिली तरी. आणि भाकरीचा घास अडकू लागला, पाण्याच्या घोटाने ढकलावा लागला, तर अन्ननलिकेची दुर्बिणीतून तपासणी करून घ्यावी. पातळ अन्नही उतरेनासे होईपर्यंत थांबू नये.