पाझर की गळती? : सागरी तेलाच्या संदर्भात दोन शब्दांचा विचार

मराठीत पाझर आणि गळती या शब्दांची क्षेत्रे भिन्न आहेत. पाझर डोंगराला फुटतो, खडकाला फुटतो. त्याला कर्ता लागत नाही. गळती छपराला लागते, घागरीला लागते. म्हणजे जी वस्तू धरून ठेवण्यासाठी किंवा अडविण्यासाठी घडविली, तिच्यातील दोष या शब्दात गृहीत असतो, आणि दोषामागोमाग जबाबदारीही येते. समुद्रात मिसळणाऱ्या खनिज तेलाविषयीच्या वादाचे मर्म याच भेदात आहे. निसर्गच समुद्रात अधिक तेल सोडीत असता विहिरींना दोष का द्यावा, असा एक पक्ष मांडला जातो. तो तपासण्यास कॅलिफोर्नियातील सांता बार्बराच्या किनाऱ्याइतके उपयुक्त स्थळ क्वचितच सापडेल.

तेथील कोल ऑइल पॉइंट या भूशिराजवळ सागरतळाच्या भेगांतून तेल व वायू अखंड वर येत असतात. तेलाचे प्रमाण दिवसाला सुमारे १०० बॅरल मानले जाते. हा पाझर प्राचीन आहे. त्या प्रदेशातील चुमाश लोक आपल्या फळ्यांच्या होड्यांच्या सांधी नैसर्गिक डांबराने बुजवीत. १७६९ मध्ये आलेल्या स्पॅनिश प्रवाशांनी होडीबांधणीचे हे काम पाहिले व त्या वस्तीला कार्पिन्तेरिया, म्हणजे सुतारशाळा, असे नाव दिले. ते आजही रूढ आहे.

याच सामुद्रधुनीत २८ जानेवारी १९६९ रोजी युनियन ऑइल कंपनीच्या ‘प्लॅटफॉर्म ए’ वरील एका विहिरीत वायूचा उद्रेक झाला. विहिरीला आधार देणारी पोलादी आवरणनळी नेहमीच्या नियमापेक्षा कमी खोलीपर्यंत बसविण्याची सवलत देण्यात आली होती. कामगारांनी विहिरीचे तोंड बंद केले. परंतु कोंडलेल्या दाबाने सागरतळालाच भेगा पाडल्या व तेल तेथून उसळले. पहिल्या दहा-अकरा दिवसांत सुमारे ८०,००० ते १,००,००० बॅरल तेल बाहेर पडले. एवढे तेल सोडण्यास कोल ऑइल पॉइंटच्या पाझराला दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. मंद पाझराशी सागरी जीवाणू बऱ्याच अंशी जुळवून घेतात. एकाएकी आलेल्या लोंढ्यापुढे ते अपुरे पडतात. त्या दुर्घटनेत हजारो समुद्रपक्षी मेले. तेल भेगांतून आले म्हणून त्याला पाझर म्हणावे काय? स्थान पाझराचे होते, कारण मात्र गळतीचे.

याच्या उलट उदाहरणही तेथेच आढळते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, कोल ऑइल पॉइंटजवळच्या ‘हॉली’ या प्लॅटफॉर्मभोवतीचा नैसर्गिक पाझर २२ वर्षांत सुमारे निम्म्याने घटला होता. उपशामुळे भूगर्भातील दाब उतरला, हे त्याचे कारण देण्यात आले. निष्कर्ष महत्त्वाचा खरा. पण तो एका विशिष्ट तेलक्षेत्रापुरता होता. त्यावरून ‘वेधनाने समुद्र स्वच्छ होतो’ असे सार्वत्रिक विधान करणे म्हणजे एका उदाहरणावरून व्याकरणाचा नियम बांधणे होय.

बेरजेच्या आकड्यांबाबतही हीच सावधगिरी हवी. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या २००३ च्या अहवालात जगातील सागरी तेलाचे वार्षिक प्रमाण सुमारे १३ लाख टन धरले होते. त्यांपैकी सुमारे ६ लाख टन पाझराचे, तर तेल-उत्खननाचे अवघे ३८,००० टन होते. पण ही सरासरी होती. २०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ची एकच विहीर ८७ दिवस वाहत राहिली. न्यायालयाच्या निर्णयानुसार ३१.९ लाख बॅरल, म्हणजे सुमारे सव्वाचार लाख टन, तेल समुद्रात गेले. सरासरीत अपघात दिसत नाही, आणि किनाऱ्यावर सरासरी येत नाही.

म्हणून ‘किती’ या प्रश्नाआधी ‘कोठून’ व ‘कशामुळे’ हे प्रश्न विचारले पाहिजेत. तेलाच्या रासायनिक घटकांवरून त्याचे मूळ ओळखता येते. गोव्याच्या किनाऱ्यावर पावसाळ्याच्या सुमारास येणाऱ्या डांबरगोळ्यांच्या अशाच परीक्षणांतून मुंबई हायचे तेल आणि तेलवाहू जहाजांच्या टाक्यांतील धुवण असे दोन्ही स्रोत निघाले आहेत. वाळूतील काळा गोळा स्वतःचे नाव सांगत नाही. त्याला पाझर म्हटले की चौकशी तेथेच संपते. गळती म्हटले की ती सुरू होते. शब्दाची निवड परीक्षणानंतर व्हावी, आधी नव्हे.